आधीचा फोटो

निवृत्त होणाऱ्या एका साहेबांच्या हनुवटीखालची सैल कातडी ती माउसनं हलके हलके वर सरकवत होती, तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. साहेबांचा फोटो त्यांच्या कचेरीच्या भिंतीवर लागायचा होता. "सुरकुत्या काढा, पण सगळ्या काढू नका, अनुभव दिसला पाहिजे," असं बजावून ते गेले होते, आणि सकाळपासून ती त्यांचा अनुभव किती ठेवावा या विवंचनेत होती. फोन तिनं डाव्या हातानं जवळ ओढला. मोठ्या हॉस्पिटलच्या त्वचा विभागाचा निरोप होता. 'फोटो पाहिले. त्रास सौम्य आहे. चालू उपचार सुरू ठेवावेत. प्रत्यक्ष तपासणीची आवश्यकता नाही.' तिनं तो दोनदा वाचला. मग उगाचच फोन आडवा धरून वाचला. शब्द तेच राहिले. उजवा हात अजून माउसवरच होता आणि तेवढ्या वेळात साहेबांची हनुवटी नको तितकी वर गेली होती.

सौम्य. साबण सौम्य असतो. शाळेतल्या एखाद्या बाई सौम्य असतात. भिंगरीच्या, म्हणजे तिच्या सहा वर्षांच्या मुलीच्या, कातडीला आजवर कुणी सौम्य म्हटलं नव्हतं. बाळ असल्यापासून कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे, मनगटांवर, मानेच्या घडीत लालभडक चट्टे. ते खाजायचे, खाजवले की फुटायचे, फुटले की चादरीला चिकटायचे, आणि सकाळी चादर सोडवताना पोर ओठ मिटून छताकडे बघत राहायची. रडायची नाही, आणि त्याचाच आईला जास्त त्रास व्हायचा. भिंगरी हे नाव बापानं ठेवलेलं. अंथरुणात ती कधी एका जागी राहिलीच नाही, खाज आली की झोपेतच गोल गोल फिरायची, डोक्याच्या जागी पाय आणि पायांच्या जागी डोकं. पाहुण्यांना वाटायचं, किती लाडाचं नाव आहे. घरात मात्र ते नाव घेतलं की आईबापांना तो आवाज आठवायचा, टाचा चादरीवर घासल्याचा. तसा आवाज रद्दीवाल्याच्या दुकानात येतो, कुणी कागदाचे गठ्ठे ओढत असलं की.

लहान मुलांची कातडी बघणारी डॉक्टर साऱ्या शहरात एकच होती. वाट बघणाऱ्या आया तिला 'मोठ्या बाई' म्हणायच्या. तिच्या दारापर्यंत सरळ जाता येत नसे. आधी कोपऱ्यावरच्या बालडॉक्टरांनी चिठ्ठी आणि फोटो पाठवायचे, मग तिथे कुणीतरी ते फोटो बघायचे, आणि कुणाला बोलवायचं, कुणाला नाही, ते फोटोंवरून ठरायचं. बालडॉक्टर भले माणूस. सर्दीखोकला, जुलाब, ताप यांत त्यांचा हात कुणी धरला नसता. पण भिंगरीच्या हातापायांकडे बघताना त्यांचा चेहरा दरवेळी थोडा उतरायचा. त्यांनी मलमं बदलून पाहिली, साबण बदलून पाहिले, आणि शेवटी हात टेकले. "हे माझ्या आवाक्यातलं नाही हो. बाईंनीच बघायला हवं," असं ते स्वतःच म्हणाले, आणि त्या दिवशी जिना उतरताना तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं होतं. आता कुणीतरी बघणार होतं.

शाळेत मुलं जोडीजोडीनं हात धरून रांगेत चालायची. भिंगरीचा हात कुणी धरायचं नाही. कुणाच्या तरी आईनं घरी सांगितलं असणार, ते अंगाला लागतं म्हणून. लागत नाही, हे तिनं शाळेत जाऊन सांगितलं, बालडॉक्टरांचं लेखी नेऊन दिलं. वर्गशिक्षिकेनं मान डोलवली आणि दुसऱ्या दिवसापासून भिंगरीला लीडर केलं. लीडर रांगेच्या पुढे एकटी चालते, तिला कुणाचा हात धरावा लागत नाही. भिंगरी घरी आली ती नाचतच. "आई, मी लीडर झाले! लीडर हात धरत नाही!" बापानं तिला खांद्यावर घेतलं. आई स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. वर्ष झालं, अजून लीडर बदलला नव्हता.

काका जेवायला घरी गेले आणि स्टुडिओत ती एकटी उरली, तेव्हा तिनं हॉस्पिटलला पाठवलेले फोटो पडद्यावर मोठे करून उघडले. काका म्हणजे स्टुडिओचे मालक. गिऱ्हाइकं त्यांना काका म्हणायची म्हणून तीही म्हणायची, आणि काका तिला म्हणायचे इस्त्रीबाई, कारण ती चेहऱ्यांना इस्त्री करायची. ओळखपत्रं, शाळेचे गटफोटो, समारंभ, जे येईल त्यातले फोड, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं ती अशी पुसायची की ज्याचा चेहरा त्यालाही पत्ता लागू नये. तीच तर कला होती. भिंगरीचे फोटो तिनं रविवारी सकाळी खिडकीपाशी स्टूल ठेवून काढले होते. उजेड मऊ होता. पोरीनं बाही स्वतःच वर केली होती आणि म्हणाली होती, "आई, छान काढ हं." आता पडद्यावर तो हात होता. लाल होता, नाही असं नाही. गालाला थंडी झोंबावी, तेवढा लाल. चट्ट्यांच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या होत्या, फुटलेली जागा नुसती सावली वाटत होती. उजेडामुळे असेल, तिनं स्वतःला सांगितलं. खिडकीचा उजेड असाच फसवतो. मग तिची नजर मनगटाच्या आतल्या बाजूला गेली. तिथे तीळ नव्हता.

भिंगरीच्या उजव्या मनगटावर तीळ आहे. डावं-उजवं तिला अजून नीट कळत नाही, म्हणून बापानं शिकवलं होतं, तीळवाला हात उजवा. चपला घालताना, पेन्सिल धरताना, रस्ता ओलांडताना ती आधी मनगट उलटं करून बघते. खिडकीतल्या उजेडानं कातडी मऊ दिसेल, पण तीळ कुठे जाईल? तो कुणीतरी पुसला होता. आणि त्या घरात पुसणारी एकच होती. तिला काहीच आठवेना. फोटो संगणकावर घेतले होते, एवढं आठवत होतं. आडवे होते ते उभे केले, पिवळेपणा काढला, एवढंही आठवत होतं. त्यानंतरचं हातानं केलं असणार. शिंकताना माणूस तोंडावर हात नेतो, तो काय विचारून नेतो? दिवसभर डाग दिसला की बोट जातं, तसं ते गेलं असणार, आधी तिळावर, मग चट्ट्यांवर, हलकंच, शहाण्यासारखं, अगदी थोडं. किंवा तसं नसेलही. कदाचित त्या परक्या माणसांच्या टेबलावर आपली पोर तशी उघडी पडायला नको, असं तिला वाटलं असेल. मनाच्या तळाशी हात घालून ती चाचपत राहिली आणि तिथे काही हाती लागेना, हेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं. मूळ फोटो नव्हतेच. काकांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता, आधीचा फोटो ठेवायचा नाही. गिऱ्हाइकाला आधीचा कधी दिसता कामा नये. दिसला की तो नंतरच्यावर विश्वास ठेवत नाही. इतक्या वर्षांत तिचा हातच तसा झाला होता. केलेलं काम ती त्याच फोटोवर जतन करायची, आणि आधीचं माणूस तिथल्या तिथे नाहीसं व्हायचं.

घरी नवऱ्यानं निरोप वाचला आणि फोन सोफ्यावर आपटला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या लोकांना बाहेर काढायचं काम, त्यामुळे कुठेही दार उघडत नाही म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. "सौम्य? त्यांच्या डोळ्यांना काय झालंय? आणि फोटो कुणी काढलेत, तू! तुझ्यासारखे फोटो या शहरात दुसरं कोण काढतं? तरी दिसत नाही त्यांना?" ती भांडी लावत राहिली. सासूबाई आतून म्हणाल्या, "मी कधीपासून सांगतेय, वयाबरोबर जातं ते. आता मोठ्या दवाखान्यानंही तेच सांगितलं. तुम्ही दोघांनीच पोरीला उगाच आजारी करून ठेवलंय." इतकी वर्षं त्या हे म्हणत होत्या आणि इतकी वर्षं ती त्यांना हातानं धरून पोरीच्या गुडघ्यामागचं दाखवत होती. आज तिनं मांडणीवरची वाटी उगाच पुन्हा पुसली. सासूबाईंच्या बाजूनं पुरावा होता आणि तो तिनंच तयार करून दिला होता. नवरा म्हणाला, "तू गप्प का? बोल की काहीतरी." ती म्हणाली, "काय बोलू." तो उद्या हॉस्पिटलात जाऊन जाब विचारणार होता. तिनं त्याला कसंबसं थांबवलं. तो शांत झाला तेव्हा तिला बरं वाटलं नाही. आपण एक दार आतून कडी लावून बंद केलं, आणि आत आपणच आहोत, आणि पोर आहे, असं तिला वाटत राहिलं.

बालडॉक्टरही चकित झाले होते. "मी परत पाठवतो ना, पण नवीन काहीतरी दाखवायला हवं. नाहीतर तेच उत्तर येईल." त्यांनी भिंगरीचा हात उलटसुलट केला. त्यांनीच दिलेल्या जोरदार मलमानं चट्टे बरेच बसले होते. मनगटावरचा एकच काय तो अजून धुमसत होता. "आत्ता काढून उपयोग नाही. हे मलम फार दिवस लावता येत नाही, बंद केलं की पुन्हा उसळणार. तेव्हा काढू. नाहीतर मागे उसळलं होतं तेव्हाचा एखादा असेल ना? तुम्ही काय, फोटोवाल्याच!" ते हसले. ती म्हणाली, "असेल. बघते." त्या संध्याकाळी तिनं फोनमधले सगळे फोटो चाळले. वाढदिवसाचा फोटो, बागेतल्या बाकावरचा, शाळेच्या पहिल्या दिवसाचा, आजीच्या मांडीवरचा, आंघोळीनंतर पंच्यात गुंडाळलेला. एकाही फोटोत चट्टा नव्हता. दुधासारखे हात, दुधासारखी मान. कधी केलं हे सगळं? पाहुण्यांना पाठवायच्या आधी, छापायच्या आधी, भिंतीवर लावायच्या आधी, नुसतं बसल्या बसल्या. घरात एक मुलगी वाढली होती आणि फोटोंत दुसरीच. त्या दुसरीला कधी खाज सुटली नव्हती, तिला कुणीही लीडर केलं नसतं. आणि ती तीळ नसलेली, गोड, परकी पोर प्रत्येक फोटोतून तिच्याकडे बघून हसत होती.

मग उरलं एवढंच की मलम आजपासून बंद करायचं आणि वाट बघायची. एक संध्याकाळ तिनं तेही करून पाहिलं. ट्यूब कपाटात वरच्या फळीवर सारली आणि पोरीला गोष्ट सांगायला बसली. गोष्ट अर्ध्यावर आली तशी भिंगरीनं स्वतःच बाही वर केली, हात पुढे धरला आणि म्हणाली, "आई, मलम राहिलं." रोजच्यासारखी, तक्रार नाही, आठवण करून दिली इतकंच. तिनं उठून ट्यूब काढली. मलम लावताना तिचा विचार लख्ख होता. पोरीच्या अंगावर उठवण्यापेक्षा पडद्यावर उठवलेलं काय वाईट?

दुसऱ्या दिवशी काका जेवायला गेल्यावर तिनं भिंगरीचा नवा फोटो पडद्यावर घेतला आणि कामाला लागली. हात चालेना. पुसायचं कसं हे त्याला झोपेतही येत होतं, घालायचं कसं ते ठाऊकच नव्हतं. तिनं आठवायला घेतलं. कोपराच्या आतली ती भेग, तिची लांबी, तिच्या दोन्ही बाजूंचा पांढुरका कोंडा. सगळं आठवत होतं, स्वतःच्या हातावर नसेल इतकं नीट. पण पडद्यावर ते चित्रासारखं दिसायचं, नाटकातल्या जखमेसारखं. शेवटी तिला नेहमीची युक्ती सुचली. मनगटावरचा तो एक चट्टा खरा होता. तोच उचलला, कोपरावर ठेवला, थोडा फिरवला, कडा कातडीत मुरवल्या. मग मानेवर ठेवला. मग दंडावर. मनगटावरही तो थोडा वाढवला, आणि वाढवताना तीळ त्याखाली झाकला गेला, ते तिच्या ध्यानात आलं नाही. शिवण कुठे दिसत नव्हती. तिचं काम नेहमीच चोख असायचं. मागे सरून तिनं पाहिलं. हे खोटं होतं आणि तरी घरातल्या सगळ्या फोटोंपेक्षा खरं होतं. ती रडत होती हे तिला गालांवर ओल लागल्यावर कळलं. पाठीमागे काका कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. "काय इस्त्रीबाई, आज कापड चुरगाळायला काढलंत?" असं ते नेहमीच्या थट्टेत म्हणाले, आणि मग त्यांना तो हात कुणाचा ते कळलं असावं. ते पंखा लावायला वळले. पंखा आधीच चालू होता. त्यांनी तो बंद करून पुन्हा लावला.

मागे उसळलं होतं तेव्हाचा म्हणून तिनं तो फोटो बालडॉक्टरांकडे दिला, आणि बोलावणं पटकन आलं. नवऱ्यानं अडकलेली लिफ्ट सुरू झाल्यावर झटकावा तसा हात झटकला आणि म्हणाला, "बघितलंस? पाठपुरावा करावा लागतो." तो तिच्यावर इतका खूश होता की तिला त्याच्याकडे बघवेना. त्याला त्या दिवशी सुटी मिळाली नाही, म्हणून ती एकटीच भिंगरीला घेऊन गेली. त्वचा विभागाच्या बोळात बाकं भिंतीला खिळलेली होती आणि प्रत्येक बाकावर कुणी ना कुणी खाजवत होतं. एका तान्ह्या बाळाच्या हातांवर मोजे चढवून मनगटांना सुती पट्ट्या बांधल्या होत्या. त्याचा चेहरा सोललेल्या फळासारखा लाल होता, आणि ते रडून रडून नुसतं हुंदके देत होतं. त्याची आई तिच्याकडे सरकून म्हणाली, "तुम्हाला कधी बोलावलं?" तिनं सांगितलं. "इतक्यात? नशीब बाई तुमचं. आम्ही किती फेऱ्या मारल्या. माझा फोन जुना, फोटो हलतात, अंधारे येतात. दिसतच नाही काही, म्हणायचे." त्या बाईनं भिंगरीच्या हातांकडे पाहिलं, मग पुन्हा आपल्या बाळाकडे पाहिलं. भिंगरीची आई बाकाच्या टोकाला सरकून बसली. कुणाची तरी जागा आपण घेतली असेल, हा विचार तिला इतके दिवस शिवलाही नव्हता. आता तो शेजारी बसून हुंदके देत होता. उठून जावं असं तिला एकदा वाटलं. तेवढ्यात आतून भिंगरीचं नाव पुकारलं गेलं.

मोठ्या बाई उंचीनं लहान निघाल्या. केस कसेतरी वर बांधलेले, चष्मा नाकावर घसरलेला, आणि समोर थंड झालेला चहा. त्यांनी भिंगरीकडे एकदा पाहून मान हलवली आणि नजर पुन्हा पडद्याकडे वळवली. पडद्यावर तो फोटो होता. "हे असं कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं. "लहानपणापासून." "असंच? हाच आकार?" ती म्हणाली, "कमीजास्त होतं." बाई बराच वेळ पडद्याजवळ वाकून होत्या. "मला या कडा बऱ्या वाटत नाहीत. इसब असा नसतो. तो वेडावाकडा पसरतो, प्रत्येक ठिकाणी वेगळा. हे बघा, कोपरावर, मानेवर, दंडावर, जिथे तिथे एकच आकार. हे वेगळं काहीतरी आहे." त्या परिचारिकेकडे वळल्या. "लहान तुकडा काढून तपासायला पाठवू. त्याशिवाय औषध ठरवता येणार नाही. घाबरू नका, जागा बधिर करू, एखादा टाका पडेल. आज वेळ आहे, आजच उरकून घेऊ." परिचारिका आत गेली आणि धातूच्या ताटलीचा आवाज आला.

आता सांगायचं. सांगितलं तर? खोटे फोटो पाठवणारी बाई म्हणून नाव लागेल, बालडॉक्टरांचंही नाव खराब होईल, ज्या दारापर्यंत यायला पोरीचं सगळं आयुष्य गेलं होतं ते दार लागेल. नवऱ्याला काय सांगायचं? सासूबाई काय म्हणतील ते तिला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. आणि नाही सांगितलं तर सुई, ब्लेड, टाका. आधीच फुटलेल्या हातावर आणखी एक भोक, तिनं काढलेल्या चित्रासाठी. लहानसा तर तुकडा. आणि तपासल्यावर त्यांना खरं कळेलच, इसबच आहे म्हणून, मग खरं औषध मिळेल, म्हणजे तुकडा वाया जाणार नाही. हा हिशेब तिनं खरोखर केला. खुर्चीच्या हातावर बोटं घट्ट दाबून, तोंड बंद ठेवून तिनं तो पुरता केला, आणि तिला स्वतःची शिसारी आली. तरी तोंड उघडेना. तिच्या आत ती भिंतीला खिळलेली बाकंच भरून राहिली होती आणि कुठेही उभं राहायला जागा नव्हती. ताटली येऊन टेबलावर बसली. "ये बाळा, इकडे बस," परिचारिका म्हणाली.

भिंगरी खुर्चीवरून उतरली, पण परिचारिकेकडे गेली नाही. ती पडद्यासमोर जाऊन उभी राहिली आणि मान वाकडी करून बघू लागली. "हा कुणाचा हात आहे?"

"तुझाच की," मोठ्या बाई म्हणाल्या.

"नाही. माझ्या हाताला तीळ आहे." तिनं मनगट उलटं करून दाखवलं. "हा बघा. तीळवाला उजवा. ह्याला कुठाय?" मग तिला कणव आली असावी, कारण तिनं पडद्याला बोट लावलं आणि म्हणाली, "ह्याला खूप दुखत असेल."

मोठ्या बाईंनी पोरीच्या मनगटाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि मग चष्मा वर सारून आईकडे पाहिलं. बोळातलं बाळ हुंदके देत होतं, ते इथपर्यंत ऐकू येत होतं.

"तो मी केलाय," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. "फोटोंचंच काम करते मी. मनगटावरचा एक खरा आहे. बाकीचे त्याच्यावरून उचललेत. पहिल्या वेळी पाठवला होता, त्यातलं मीच पुसलं होतं. कळत नव्हतं मला पुसतेय ते. मग तुम्ही सौम्य म्हणालात. म्हणून." तिनं ताटलीकडे पाहिलं. "तिला कापू नका."

"काहीच न केलेला फोटो आहे?"

"नाही. एकही नाही."

मोठ्या बाई खुर्चीत मागे टेकल्या. त्या चिडतील, ओरडतील, दरवाजा दाखवतील, याची ती वाट बघत राहिली, आणि त्यांनी तसं काहीच केलं नाही, तेव्हा तिला आणखी भीती वाटली. त्यांनी दोन बोटांनी डोळे चोळले. "बाहेर माणसं बसलीयेत हो," त्या म्हणाल्या, रागानं नाही, फार थकून. "मी कुणाकुणाला फोटोवरून परत पाठवते, तुम्हाला काय माहीत." तिनं पर्स उचलली आणि भिंगरीचा डबा आत टाकला. बाईंनी हात वर करून तिला थांबवलं. "बसा. तुमच्याशी मला नंतर बोलायचंय. तुमच्या डॉक्टरांशीही." त्यांनी पडदा बंद केला. परिचारिकेला ताटली न्यायला सांगितली. मग टेबलावरचा दिवा खेचून जवळ घेतला, हातमोजे न चढवता दोन्ही तळवे उघडे करून पुढे धरले, आणि म्हणाल्या, "आण बाळा, हात बघू तुझा."

भिंगरीनं दोन्ही हात झटकन पाठीमागे घेतले. "मी लीडर आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"लीडर हात धरत नाही."

बाईंना कळलं नाही, आणि कळावं असं काही कुणी सांगितलंही नाही. आई खुर्चीवरून खाली सरकली आणि फरशीवर पोरीशेजारी गुडघे टेकून बसली. इतक्या जवळून, दिव्याच्या कडक उजेडात, तिनं तो हात आजवर पाहिलाच नव्हता. पाहत असतानाच दरवेळी तिचं मन त्यावरून इस्त्री फिरवायचं. आता भेगा दिसत होत्या, नखांच्या रेघा दिसत होत्या, जाड झालेली करडी कातडी दिसत होती. तिच्या उजव्या हाताचं तर्जनीचं बोट आपोआप हललं, आणि तिनं ते मुठीत दाबून धरलं. "इथे रांग नाहीये, बाळा," ती म्हणाली. "दे त्यांना."

"कुठला?"

"उजवा दे," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचे तळवे तसेच पुढे होते.

भिंगरीनं दोन्ही मनगटं उलटी केली. तीळ जागच्या जागी होता, काळा, ठसठशीत, लाल चट्ट्याच्या अगदी काठावर. तरी तिनं हात पुढे केला नाही. तिनं बंद पडद्याकडे बघितलं, पुन्हा तिळाकडे बघितलं, आणि मग आईकडे वळली. "आई," तिनं विचारलं, "हाच आहे ना माझा?"

"हो," ती म्हणाली. "हाच."